चुलीचा धूर आणि राजाचा कर

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. न्यूझीलंडमध्ये सध्या काही गृहस्थ अशी एक हौस जोपासतात, की जिचे नाव काढताच आपल्या धर्मग्रामांतील वडीलधारी मंडळी भुवया उंचावतील. परसातल्या खोपीत तांब्याची लहानशी भट्टी मांडून ते माल्ट व्हिस्की गाळतात. आणि तीही साधी नव्हे, तर धुराच्या वासाची. तेथील १९९६ सालच्या कायद्याने स्वतःच्या वापरासाठी दारू गाळण्यास मुभा दिली. विक्रीस मात्र मुळीच नाही. याउलट ज्या स्कॉटलंड देशात ही धुरकट व्हिस्की जन्मली, तेथे परवान्यावाचून स्वतःच्या घरात पेलाभर गाळणे हाही गुन्हा आहे. जी कारागिरी मुळात घरात वाढली, ती तिच्या जन्मगावीच घरातून हद्दपार झाली, हे कसे घडले?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यावर आम्हांस त्यात राजे, सैनिक आणि जमीनदार भेटले. तसेच मठवासी, बिशप आणि धर्मगुरूही भेटले. दारूची थोरवी गावी असा या लेखाचा हेतू नाही. तथापि कायदा आणि सदसद्विवेकबुद्धी यांचे नाते कसे जुळते व कसे तुटते, याचा एक बोलका दाखला या इतिहासात दडलेला आहे. तो आपल्या वाचकांपुढे ठेवावा, एवढाच आमचा मानस आहे.

धूर आला कोठून?

स्कॉटलंडचा उत्तरेकडील डोंगराळ मुलूख म्हणजे हायलँड, आणि त्याच्या पश्चिमेस समुद्रात विखुरलेली बेटे म्हणजे हेब्रिडीज. पाऊस उदंड, वारा बेफाम, आणि झाडे विरळ. अशा प्रदेशात जळण आणायचे कोठून? निसर्गाने त्याची सोय पायाखालीच करून ठेवली होती. दलदलीत वाढणारे शेवाळ मरते. पण पाण्याखाली हवा पोहोचत नसल्यामुळे ते पुरते कुजत नाही. त्याचे थरावर थर साचत जातात. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे हातभर जाडीचा थर साचायला चार-साडेचार शतके लागतात. यालाच पीट म्हणतात. वसंत ऋतूत लांब पात्याच्या कुदळीने पीटच्या विटा कापायच्या, उन्हाळ्यात वाऱ्यावर रचून वाळवायच्या आणि हिवाळाभर चुलीत घालायच्या, हा तेथील कुटुंबांचा शतकानुशतकांचा परिपाठ. आपल्याकडील जुन्या घरांत गोवऱ्यांना जे स्थान होते, तेच तेथे पीटला.

या चुलीला श्रद्धेचाही स्पर्श झालेला होता. अलेक्झांडर कारमायकल या संग्राहकाने हेब्रिडीज बेटांवर हिंडून गेलिक भाषेतील जुन्या प्रार्थना लिहून घेतल्या व १९०० साली त्यांचे पहिले खंड प्रसिद्ध केले. साउथ यूइस्ट आणि बारा या बेटांवर जुना कॅथलिक धर्म टिकून राहिला होता. तेथील घरधनीण रात्री चुलीतले निखारे तीन भागांत मांडी; पवित्र त्रैक्याच्या नावाने एकेक भाग राखेने झाकी आणि पवित्र मरिया व संत ब्रिजिट यांना घराची राखण करण्यास विनवी. पहाटे त्याच राखेतून पुन्हा विस्तव फुलवला जाई.

याच पीटच्या विस्तवावर सातू वाळवले जात. धान्यापासून मद्य करायचे तर आधी त्यातील पिष्टाची साखर व्हावी लागते, आणि त्यासाठी धान्याला मोड आणावे लागतात. सातूचे पोते ओढ्याच्या पाण्यात दोनतीन दिवस भिजत ठेवायचे, मग दाणे जमिनीवर पसरून वरचेवर खालीवर करायचे. आठदहा दिवसांत दाण्याला मूळ फुटून आतला कोंब वाढू लागला, की त्याची वाढ वेळीच थांबवायची. नाहीतर तयार झालेली साखर कोंबच खाऊन टाकणार! ही वाढ थांबवण्याचा उपाय म्हणजे दाणे शेकून वाळवणे. गवताच्या किंवा केसांच्या विणलेल्या जाळीवर ओले सातू पसरून खाली पीट पेटवायचे. दाणा ओला असतो तोवर धुरातील द्रव्ये त्याच्या सालीला घट्ट चिकटतात. वाळल्यावर मग कितीही धूर दिला तरी फारसा उपयोग होत नाही. विस्तव फार भडकला तर दाण्यातील ज्या पाचक द्रव्यांमुळे पिष्टाची साखर होते तीच करपून जातात, म्हणून धग मंद ठेवावी लागते. मोड आणून वाळवलेल्या या सातूलाच माल्ट म्हणतात. आज प्रयोगशाळेत या धुराचे मोजमाप होते. तीव्र धुरकट माल्टमध्ये दर दशलक्ष भागांत सुमारे ३५ ते ५० भाग फिनॉल जातीची द्रव्ये भरतात. जुन्या काळच्या शेतकऱ्याला हे आकडे ठाऊक नव्हते. त्याने धूर चवीसाठी दिलाच नव्हता. त्याच्यापाशी दुसरे जळण नव्हते, म्हणून धूर आला. आजचा हौशी गृहस्थ ज्या वासासाठी मुद्दाम धुरवलेले माल्ट विकत घेतो, तो वास मुळात गरिबाच्या चुलीचा आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढची क्रिया आपल्याकडील भट्टीहून फार निराळी नाही. माल्ट जात्यावर भरडून कोमट पाण्यात कालवायचे, गोडसर रस काढून तो किण्व घालून आंबवायचा आणि तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायचा. गाळताना पहिली वाफ थंड पाण्यात बुडवलेल्या नागमोडी तांब्याच्या नळीतून उतरते. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग वाखाणणीने केला जातो. परंतु जाणता स्कॉटिश कारागीर ती पहिली धार बाजूला काढतो, कारण तिच्यात उग्र व अपायकारक द्रव्ये असतात. शेवटची पाणचट धारही तो वेगळी ठेवतो. मधली तेवढीच घ्यायची. या कारागिरीत मध्यम मार्गाचे हे जे महत्त्व आहे, त्याचे आम्हांस कौतुक वाटते.

मठातून घराकडे

स्कॉटलंडच्या राजदप्तरातील या पेयाची पहिली नोंद एका मठवासी बंधूच्या नावाने आहे. इ. स. १४९४-९५ च्या हिशेबांत राजे चौथे जेम्स यांच्या आज्ञेवरून जॉन कॉर नावाच्या बंधूस 'आक्वा व्हिते' करण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याची नोंद सापडते. बोल हे तेव्हाचे धान्याचे माप. 'आक्वा व्हिते' म्हणजे लॅटिन भाषेत जीवनजल. गेलिक लोकांनी त्याचे शब्दशः भाषांतर करून 'उश्के बाहा' म्हटले आणि त्याच 'उश्के'चे इंग्रजांच्या तोंडी 'व्हिस्की' झाले. परंपरा या बंधूंचे नाव फाइफ परगण्यातील लिंडोर्सच्या मठाशी जोडते. मठांतून ही विद्या औषध म्हणून जोपासली गेली होती. १५०५ साली एडिंबरा शहरात 'आक्वा व्हिते' करण्याचा व विकण्याचा मक्ता शस्त्रवैद्य व न्हावी यांच्या संघाला देण्यात आला, यावरूनही त्या काळी ते औषध मानले जाई हे स्पष्ट होते.

औषध हळूहळू घराघरांत शिरले. १५७९ साली धान्याची टंचाई पडली तेव्हा स्कॉटिश संसदेने सामान्यांना गाळण्यास मनाई केली. मात्र सरदार, जहागीरदार व प्रतिष्ठित गृहस्थ यांना स्वतःच्या घरापुरते गाळण्याची सवलत ठेवली. १६०९ सालची गोष्ट याहून लक्षणीय आहे. संत कोलंबा यांनी इ. स. ५६३ मध्ये ज्या आयोना बेटावर मठ स्थापन केला, त्याच बेटावर हेब्रिडीजच्या सरदारांकडून काही नियम मान्य करून घेण्यात आले. या नियमांनी सामान्य बेटवासीयांस बाहेरून मद्य विकत आणण्यास बंदी केली; पण आपल्या घराला लागेल तेवढे घरी करण्यास मोकळीक दिली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तेव्हा घर ही सुरक्षित जागा होती. धोका बाजारात आहे असे मानले जाई.

राजाला पैसे हवे होते

पुढील दोनशे वर्षांत हे माप उलटे झाले. १६४४ साली सैन्याच्या खर्चासाठी स्कॉटलंडच्या संसदेने या पेयावर प्रथमच अबकारी कर बसवला. १७०७ मध्ये स्कॉटलंड व इंग्लंड यांची एकत्र संसद झाली. १७२५ साली माल्टवर कर आला तेव्हा ग्लासगो शहरात दंगल उसळली. इतके होऊनही घरच्या पिकातून घरापुरते गाळणाऱ्या कुटुंबाला हात लावला गेला नव्हता. १७५७ मध्ये पीक बुडाले आणि व्यापारी भट्ट्या काही वर्षे बंद ठेवाव्या लागल्या, त्या काळातही घरची भट्टी चालूच राहिली. साहजिकच घरचे म्हणून गाळलेले शेजारी विकले जाऊ लागले. सरकारच्या डोळ्यांवर हे आले. १७७९ साली घरगुती भट्टीची मर्यादा दहा गॅलनांवरून दोन गॅलनांवर, म्हणजे जेमतेम आठ-नऊ लिटरवर आणली गेली. आणि १७८१ साली घरगुती गाळप सर्वस्वी बंद करण्यात आले. आजी जे उजळ माथ्याने करीत होती, तेच नातवाने केले तर तो गुन्हेगार ठरू लागला.

हुकूम निघाला, पण भट्ट्या विझल्या नाहीत. कारण साधे होते. डोंगरातल्या शेतकऱ्याजवळ पिकत होते ते सातू. खाचखळग्यांच्या वाटांनी धान्याची पोती शहरात नेणे त्याला परवडत नसे. पण त्याच धान्याचा अर्क पिंपात भरून तट्टाच्या पाठीवर सहज जाई. जमीनदाराचा खंड त्या पैशातून भागे. गाळून उरलेला चोथा हिवाळ्यात गुरांना होई. खंड वसूल करणारा जमीनदारच अनेकदा न्यायाधीशाच्या आसनावर बसलेला असे. मग शिक्षाही नाममात्र होई. अंमलदारांच्या नजरेस धूर पडू नये म्हणून भट्टीखाली जुनिपरची लाकडे जाळीत, कारण त्यांचा धूर फारसा दिसत नाही. भट्टीचा पत्ता देणाऱ्यास सरकार बक्षीस देई. तेव्हा तांब्याची नळी झिजली, की मालक स्वतःच जाऊन पत्ता देत आणि बक्षिसाच्या पैशांतून नवी नळी घेत, अशी गोष्ट तेथे अजून हसत हसत सांगतात.

खोऱ्यात लपलेले दोघे

आता आपण हायलँडच्या पूर्व भागातील ग्लेनलिव्हेट खोऱ्याकडे वळू. व्हिस्कीच्या नावामुळे हे नाव जगभर गेले. परंतु कॅथलिकांना ते दुसऱ्या कारणासाठी ठाऊक असायला हवे. १५६० च्या धर्मक्रांतीनंतर स्कॉटलंडमध्ये पवित्र मिस्सा बेकायदा ठरली. धर्मगुरूंना हद्दपारीची शिक्षा होती. अशा काळात, १७१६ च्या सुमारास, बिशप जेम्स गॉर्डन यांनी या खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला, स्कॅलन नावाच्या निर्जन जागी एक गुप्त गुरुविद्यालय सुरू केले. गॉर्डन घराण्याच्या सरदारांचे त्या मुलखावर वजन होते आणि खोऱ्याच्या वरच्या भागातील लोक बहुसंख्येने कॅथलिक राहिले होते. म्हणून तेथे मुलांना शिकवणे शक्य झाले. १७४६ साली कलोडनच्या लढाईनंतर सरकारी सैनिकांनी स्कॅलन जाळून टाकले. ते पुन्हा उभे राहिले. १७९९ मध्ये ते दुसरीकडे हलवले जाईपर्यंत सुमारे शंभर धर्मगुरू त्या ओसाड माळावरून घडून बाहेर पडले. दगडी इमारत आजही उभी आहे.

याच खोऱ्यात त्या काळी दोनशेच्या आसपास चोरट्या भट्ट्या होत्या असे सांगितले जाते. डोंगरांनी गुरुविद्यालयही लपवले आणि भट्टीही. खोऱ्यापासून काही मैलांवर कॉरगार्फ नावाचा जुना किल्ला आहे. १७४६ च्या बंडानंतर तेथे सैनिकांचे ठाणे बसवले गेले, ते पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पक्षपाती लोकांवर पाळत ठेवण्यासाठी. १८२७ ते १८३१ या काळात त्याच किल्ल्यात पुन्हा सैनिक आले, ते चोरटी दारू पकडण्यासाठी. त्या खोऱ्यातील एखाद्या म्हाताऱ्याच्या दृष्टीने पाहा: ज्या राजाच्या शिपायांनी आपले गुरुविद्यालय जाळले, ज्याच्या कायद्याने मिस्सा ऐकणे गुन्हा ठरवले, त्याच राजाचे शिपाई आज आपली तांब्याची नळी जप्त करायला आले आहेत. पहिला कायदा मोडणे हे पुण्य होते. मग दुसरा मोडणे पाप कसे, असा प्रश्न त्याच्या मनात उठला तर त्यात नवल ते काय?

हा प्रश्न नैतिक ईशज्ञानाच्या जुन्या ग्रंथांतही येतो. प्रत्येक न्याय्य कायदा सदसद्विवेकबुद्धीला बांधतो, ही सर्वमान्य शिकवण. परंतु सोळाव्या शतकानंतरच्या काही पंडितांनी एक भेद मांडला. काही कायदे असे असतात, की ते मोडले तर दंड निमूटपणे भरावा. पण ते मोडणे हे स्वतः पाप होत नाही. अशा कायद्यांना 'केवळ दंडात्मक' कायदे म्हणत, आणि जकातीचे व अबकारीचे कायदे हे त्याचे नेहमीचे उदाहरण असे. इतर पंडितांना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की कर बुडवणाऱ्याचा बोजा शेवटी प्रामाणिक शेजाऱ्यावर पडतो. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथाने कर भरणे हे नैतिक कर्तव्य म्हणून स्पष्टपणे सांगितले आहे, आणि आम्हांसही तेच योग्य वाटते. तरीसुद्धा तो जुना वाद अगदीच पोकळ नव्हता. कायद्याची पत शिक्षेच्या भीतीने वाढत नाही; तो न्याय्य आहे असे लोकांना वाटले पाहिजे. अन्यायी कायद्याचे नुकसान त्याच्यापुरते थांबत नाही. तो आपल्या पाठोपाठ येणाऱ्या न्याय्य कायद्याचीही पत घालवून बसतो. ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्याने आम्हांस शिकवलेला हा मुख्य धडा होय.

शहाणपणाचा कायदा आणि त्याची किंमत

सरकारला हे उमगायला चाळीस वर्षे लागली. १८१४ साली तर हायलँडमध्ये पाचशे गॅलनांहून लहान भट्टीस परवानाच नाही असा कायदा झाला! पाचशे गॅलनांची भट्टी चालवील एवढे धान्य त्या डोंगरात कोणाच्या घरी होते? सरळ मार्गच बंद केल्यावर लोक आडमार्गाने जाणारच. दोन वर्षांत तो कायदा मागे घ्यावा लागला. स्वतः राजे चौथे जॉर्ज १८२२ साली एडिंबरा येथे आले, तेव्हा त्यांनी ग्लेनलिव्हेटची चोरटी व्हिस्कीच मागितली, असे एलिझाबेथ ग्रँट या समकालीन बाईंच्या आठवणींवरून दिसते. कर बसवणारा राजाच कर चुकवलेले पेय पितो म्हटल्यावर त्या कायद्याची काय शोभा राहिली?

अखेर १८२३ साली नवा कायदा झाला. त्याच्या पुराव्यात गॉर्डनच्या ड्यूकांचा पुढाकार होता असे मानतात. चाळीस गॅलनांच्या भट्टीस वर्षाला दहा पौंड भरून परवाना, आणि कराचा दर पूर्वीच्या निम्म्याहून कमी. ड्यूकांचेच एक कूळ, ग्लेनलिव्हेटचे जॉर्ज स्मिथ, यांनी १८२४ मध्ये परवाना घेतला. शेजारी खवळले. भट्टीसकट जाळून टाकू अशा धमक्या आल्या, आणि स्मिथ कित्येक वर्षे कमरेला पिस्तुलांची जोडी लावून वावरत. पण हळूहळू इतरांनीही तीच वाट धरली. दहाएक वर्षांत पकडल्या जाणाऱ्या चोरट्या भट्ट्यांची संख्या हजारांवरून शेकड्यांवर आली. जे काम सैनिकांना जमले नव्हते, ते रास्त कराने करून दाखवले.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चाळीस गॅलन आणि दहा पौंड हे स्मिथ यांना परवडले. एका गाईच्या आणि दोन वाफ्यांच्या धन्याला ते परवडणारे नव्हते. १६०९ च्या आयोना नियमांनी गरिबाच्या घराला जी मोकळीक दिली होती, ती १८२३ च्या कायद्याने परत केली नाही. व्हिस्की घरातून कारखान्यात गेली ती कायमचीच. पुढे आगगाडीने कोळसा आला आणि ग्लेनलिव्हेटसारख्या मुख्य भूमीवरील खोऱ्यांत माल्टमधला धूर ओसरला. आयला बेटावर मात्र कोळसा नव्हता, पीट मुबलक होते. तेथे धूर टिकला. आज धुरकट व्हिस्की म्हटली की आयलाचे नाव निघते, ते यामुळे.

व्यसनाची बाजू

एवढे वाचून कोणी असे समजू नये, की घरची भट्टी म्हणजे निष्पाप, आनंदी जीवन. आयला बेटावरच्या किल्डाल्टन येथील प्रॉटेस्टंट पाळकांनी १७९४ च्या सुमारास, सर जॉन सिंक्लेअर यांच्या ग्रंथासाठी आपल्या धर्मग्रामाची माहिती लिहून पाठवली. बेटावर अबकारीचा एकही अंमलदार नाही, व्हिस्की अमाप होते आणि तिच्या अतिरेकाचे दुष्परिणाम उघड्या डोळ्यांना दिसतात, अशी त्यांची व्यथा होती. ज्याला आठवड्यातून एकदा वेदीसमोर उभे राहून त्याच कुटुंबांना सामोरे जावे लागते, त्याचा हा अनुभव आहे. तो खोटा म्हणता येणार नाही.

शेजारच्या आयर्लंडमध्ये हीच कथा अधिक कडवट झाली. तेथेही पीटच्या विस्तवावर घरगुती मद्य गाळले जाई; त्याला 'पोचीन' म्हणत. सरकारने १७८३ पासून असा नियम केला, की ज्या गावाच्या हद्दीत चोरटी भट्टी सापडेल त्या अवघ्या गावाला दंड व्हावा. भट्टी एकाची, दंड सर्वांना! निरपराध विधवेची गायही त्यात जप्त होई. या सामूहिक शिक्षेने चोरटी दारू थांबली नाही. फक्त कायद्याबद्दलची चीड वाढली. पुढील काळात डोनेगालसारख्या भागात बिशपांनी पोचीन गाळणे हे 'राखीव पाप' ठरवले. म्हणजे त्याची क्षमा साध्या धर्मगुरूला देता येत नसे. ते प्रकरण बिशपांकडे जाई. या कठोरपणामागे उद्ध्वस्त संसारांची कळकळ होती हे खरे. तरीही भट्ट्या डोंगरात धुमसतच राहिल्या.

याहून निराळा मार्ग कॉर्क शहरातील कॅप्युचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी दाखवला. १० एप्रिल १८३८ रोजी त्यांनी स्वतः दारू न पिण्याची प्रतिज्ञा लिहून तिच्याखाली सही केली आणि मग इतरांना बोलावले. ना शिपाई, ना दंड. पुढील काही वर्षांत लक्षावधी आयरिश लोकांनी ती प्रतिज्ञा घेतली, आणि देशातील दारूचा खप लक्षणीय घटला. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने ती चळवळ विस्कटली. १८५६ मध्ये फादर मॅथ्यू निवर्तले. परंतु १८९८ साली येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनी डब्लिनमध्ये येशूच्या पवित्र हृदयाच्या नावाने 'पायोनिअर' नावाची मद्यत्यागी संघटना उभारली, ती आजही चालू आहे. सैनिकांना आणि सामूहिक दंडाला जे साधले नाही, ते एका माणसाने आधी स्वतःपासून सुरुवात करून पुष्कळ अंशी साधले.

आपल्या दाराशी

वाचकहो, हा इतिहास दूरदेशीचा असला तरी त्याचे सूत्र आपल्या अंगणापर्यंत पोहोचते. ज्या ब्रिटिश राज्यकर्त्यांनी स्कॉटलंडमधील घरची भट्टी बंद केली, त्यांनीच १८७८ सालचा मुंबई अबकारी कायदा केला. ताडामाडाच्या झाडांवर कर आला आणि गाळप मक्तेदारांच्या हाती गेले. १८९२ मध्ये तर ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला. घरी दारू गाळली जाऊ नये म्हणून रानात पडणारी फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध आले. तेव्हाचा ठाणे जिल्हा म्हणजे आपली वसई, आपले डहाणू. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. त्याच्या मुळाशी महसूल नव्हता. लोककल्याणाची तळमळ होती. पण कायद्याकडे पाहण्याची लोकांची नजर मात्र जुन्याच काळातली राहिली. चोरट्या गुत्त्यांचा इतिहास आपणांस ठाऊक आहे.

आणि त्याचा शेवट कोठे होतो हेही ठाऊक आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. आंबवलेल्या धान्याने वा फळाने हे सहसा होत नाही. कारखान्यात वापरला जाणारा मेथिल अल्कोहोल नफ्यासाठी मिसळला गेला, त्याने ते बळी घेतले. स्वतःच्या घरासाठी गाळणारा निदान आपल्या मुलाबाळांच्या तोंडाकडे पाहून पहिली धार टाकून देत असे. ज्याला पिणाऱ्याचे तोंडच पाहायचे नसते, त्या धंद्याला अशी काळजी उरत नाही. बाजाराची भीती बाळगून घराला मोकळीक देणारे १६०९ चे नियम त्या दृष्टीने अडाणी नव्हते, असे आम्हांस वाटते.

म्हणून परसात भट्ट्या पेटवाव्यात असे आम्ही सुचवीत आहोत काय? मुळीच नाही. आपल्या राज्यात परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा आहे, आणि तो पाळण्याचे कर्तव्य आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर आहे. न्यूझीलंडच्या हौशी गृहस्थाला तेथील कायद्याने जी मुभा दिली आहे ती त्याची त्याला लखलाभ असो. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, म्हणून ख्रिस्तसभेने मद्य या वस्तूला कधीही पाप म्हटले नाही. तिने संयमाचा आग्रह धरला. धर्मशिक्षण ग्रंथ अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे या चारही गोष्टींच्या अतिरेकाला एकाच ओळीत बसवतो, हे मार्मिक आहे.

मात्र आपल्या धर्मग्रामांत दारूचा प्रश्न निघतो तेव्हा आपण फार लवकर दोन टोकांना जातो. एक पक्ष म्हणतो, पोलीस बोलवा. दुसरा म्हणतो, परंपराच आहे, लग्नकार्यात चालायचेच. ग्लेनलिव्हेटच्या शिपायांनी पहिला उपाय करून पाहिला, किल्डाल्टनच्या बेटाने दुसरा. दोन्हींचे फळ आपण वर पाहिले. फादर मॅथ्यू यांनी तिसरा मार्ग घेतला आणि त्याची पहिली पायरी स्वतःची सही ही होती. ज्या घरात बाप स्वतःला आवर घालतो, त्या घरात मुलाला आवरायला शिपाई लागत नाही. आणि ज्या धर्मग्रामात लग्नाच्या मांडवात यजमान स्वतःहून हात आखडता घेतो, तेथे धर्मगुरूला प्रवचनात आवाज चढवावा लागत नाही.

स्कॅलनचे गुरुविद्यालय आज रिकामे आहे. त्याच्यापासून थोड्याच अंतरावर, १९७३ साली, परवाना असलेला एक मोठा गाळप कारखाना उभा राहिला. तेथे आता कोणी लपत नाही, कोणी पळत नाही. खोऱ्यातील चर्चमध्ये मिस्साही उघडपणे होऊ लागली त्याला दोन शतके लोटली. जो कायदा माणसाच्या श्रद्धेला आणि भाकरीला न्याय देतो, तो मोडण्याची गरज माणसाला उरत नाही. राहता राहिला माणसाच्या स्वतःच्या जिभेचा प्रश्न; तो सोडवण्याचा अधिकार परमेश्वराने कोणत्याही राजाला दिलेला नाही. तो ज्याने त्याने आपल्या घरात, आपल्याच चुलीपाशी बसून सोडवायचा आहे.